हयातीचा दाखला

नोव्हेंबर उजाडला की सरकारला शंका येते
सुपडूमामा अजून आहे की नाही.
म्हणून दरसाल आम्ही शिरपूरहून रावेरला निघतो,
मामा आहे, एवढं सांगायला.

हे घरबसल्याही होतं हल्ली. अंगठा लावला की झालं.
मामा म्हणतो, अंगठ्याचं काय खरं वं,
मानसानं तोंड दाखवावं.
इस्त्रीचा सदरा, मांडीवर पिशवी,
पिशवीत दशम्या, ठेच्याची डबी,
आणि काच खाली. मी कितीही कुडकुडले तरी खालीच.

अनेर ओलांडेपर्यंत धुकं.
हातेडच्या अलीकडे एकदम ऊन
आणि डाव्या हाताला सातपुडा,
घडी न मोडलेल्या निळ्या लुगड्यासारखा.

कापूस फुटलाय. ट्रॉल्या अशा शिगोशीग
की रस्त्याकडेच्या बाभळी त्यांतला मूठमूठ काढून ठेवतात.
ओट्या बांधून वेचणाऱ्या बायकांतली एक
कमरेवर हात ठेवून सरळ होते,
आमच्या गाडीकडे बघते,
उशीर केलात, असं काहीसं,
आणि पुन्हा वाकते.

मामा मात्र दगड बघतो.
एकतीस वर्षं त्यानं ह्या रस्त्याचे मैलाचे दगड रंगवले.
डोकं हिरवं, अंग पांढरं, आकडा काळा.
सायकलला दोन डबे, कानावर कुंचला.
"आकडा लिव्हताना श्वास धरायचा," तो सांगतो,
"नवाला दोनदा."

आता रस्ता रुंद झाला, त्याचा दर्जा वाढला,
दगडांची डोकी पिवळी झाली, आकडे साच्यातले.
ह्या नव्यांशी मामाचं बोलणं नाही.
तो जुने हुडकतो.
एकाला धानोऱ्याला म्हैस बांधलेली,
एक किनगावला गुऱ्हाळाच्या दारात, नुसता बसायला,
आणि "चोपडा १९" अडावदला
चहाच्या टपरीची पायरी झालाय.
आकडा वर, झिजून करडा.
टपरीवाला विचारतो, "बाबा, वर या ना."
मामा त्या पायरीवर पाय देत नाही,
बशी बाहेरच मागवतो.

यावलपुढं केळीच केळी.
उन्हातून गाडी त्या हिरव्यात शिरते
तसा टायरचा आवाज बदलतो, माझाही.
पाट फुटून पाणी डांबरावर आलेलं,
त्यात बगळा, हॉर्नला न जुमानणारा.
सावद्याला ट्रकांची रांग, घड चढवणारी पोरं,
चिकानं त्यांचे सदरे काळे पडलेले.
"तुह्या मामीनं मला एक सदरा धड ठेवू दिला नाही म्हणायची," मामा म्हणतो,
मग दुरुस्त करतो,
"म्हणजे मीच. मी ठेवला नाही."
पुढचे चार किलोमीटर गप्प.

रावेरात शिरलो तर बँकेचं शटर अर्ध्यावर.
झाडणारा पोरगा म्हणाला, उद्या या.
"अहो, हे जिवंत आहेत," मी म्हणाले.
"दिसतंय की," तो म्हणाला, "पण कागद उद्याच."
मामाला हसू आवरेना. खांबाला धरून हसला.
"म्हंजे आजची रात मी कुनाच्याच वहीत नाही."

इच्छारामच्या शेतात मुक्काम. हा त्याचा गँगमधला सोबती,
डांबर टाकायचा, आता कानानं अधू.
पऱ्हाटीच्या काड्यांवर वांगी भाजली,
फैजपूरच्या बाजारातली, पांढुरकी हिरवी,
तान्ह्याच्या डोक्याएवढी.
गार पडत चाललं होतं. सुकीवरून टिटवी ओरडत गेली.
भरीत झालं, हात धुऊन झाले,
इच्छारामची नात पाटी घेऊन कुरकुरत होती,
तिला नऊ येत नव्हता.

मामानं विझता कोळसा उचलला.
गुडघ्यांवर बसला, पडवीच्या भिंतीशी,
आणि काढला, हातभर उंच,
मध्ये एकदा थांबून.
पोरगी बोट पुढं करून गिरवायला गेली.

"आंहा," मामा म्हणाला, "रंग ओला हाये."